टेबलाखालच्या वायरी आवरल्या तरी पुन्हा गुंततात? आधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. दिवाळीच्या साफसफाईत टेबल पुढे ओढलं, मागच्या सगळ्या वायरी सोडवल्या, केबल टायने आवळून बांधल्या, धूळ पुसली. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत परत तेच. लॅपटॉपच्या चार्जरला मॉनिटरच्या वायरीचा वेढा, त्यात माउसची शेपटी, आणि सगळ्याच्या पोटात राउटरचा अडॅप्टर. पुढच्या सलग सुट्टीला पुन्हा टेबल पुढे.

अशा वेळी बहुतेक जण आणखी केबल टाय विकत आणतात. त्याने काही फरक पडत नाही, कारण बांधलेल्या वायरी मुळात गुंततच नव्हत्या. कोणती वायर गुंता करते ते आधी शोधायला हवं.

गुंता करतं ते मोकळं टोक

ज्या वायरीची दोन्ही टोकं कुठेतरी खोचलेली आहेत तिला आपोआप गाठ बसू शकत नाही. ती लोंबेल, पिळेल, दुसरीच्या अंगावर चढेल. पण दुसरीच्या वेढ्यातून आरपार जायचं तर एक टोक सुटं लागतं. २००७ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघांनी एका डब्यात दोरी टाकून तो डबा फिरवला, आणि असं ३,४१५ वेळा केलं. ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड दोरीला गाठ बसली नाही. तिथून दीड मीटरपर्यंत लांबी वाढवत नेली तशी गाठ बसण्याची शक्यता झपाट्याने वाढली आणि साधारण निम्म्यावर जाऊन थांबली. गाठी काही सेकंदांतच बसत होत्या. दोरीचं सुटं टोक शेजारच्या वेढ्यांच्या वरखाली जात राहतं, हे त्यामागचं कारण त्यांनी मांडलं. पुढच्या वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. म्हणजे लोक हसले, पण ज्यांच्या टेबलाखाली हा संसार आहे त्यांना त्यातलं गांभीर्य कळेल.

आता तुमच्या टेबलाखाली वाका आणि सुटी टोकं मोजा. फोनचं चार्जर, रोज बॅगेत जाणारं लॅपटॉपचं चार्जर, हेडफोन, कधीतरी लागणारी हार्ड डिस्कची वायर. यातली बहुतेक एक-दोन मीटरच्या घरातली, म्हणजे गाठीला अगदी सोयीच्या लांबीची. रोज संध्याकाळी चार्जर ओढून काढता आणि सकाळी अंदाजाने खाली सोडता, तेव्हा त्याचं टोक दर वेळी निराळ्या वाटेने बोर्डापर्यंत पोचतं. काल मॉनिटरच्या वायरीच्या उजवीकडून, आज डावीकडून.

दुसरा दोषी जास्त सराईत आहे: जमिनीवर पडलेला एक्स्टेंशन बोर्ड. झाडू मारताना, फरशी पुसताना तो उचलला जातो, भिंतीशी सरकवला जातो, कधी उलटा होऊन परत येतो. कामाला येणाऱ्या मावशींचा यात काही दोष नाही, त्यांनी फरशी पुसायची कुठून? पण बोर्डाला पाच-सहा वायरी लागलेल्या असताना तो फिरला की त्या सगळ्यांची एकत्र वेणी घातली जाते. महिनाभर रोज पाव वेढा बसला तरी काय होईल ते बघायला गणित लागत नाही. शिवाय ओल्या पोच्याजवळ चालू बोर्ड असणं हा गुंत्यापेक्षा मोठा प्रश्न आहे.

तेव्हा निदान दोन ओळींचं आहे. बोर्ड जमिनीवरून उचलायचा. आणि जागच्या वायरी एकीकडे, ये-जा करणाऱ्या दुसरीकडे. दोन्ही एका जुडग्यात कधीच बांधायच्या नाहीत. बाकी सगळं या दोन गोष्टी नीट करण्यासाठी.

सोडवायला बसण्याआधी

मोबाइलवर मागच्या बाजूचे फोटो काढा. संगणकाच्या पाठीचा एक, बोर्डाचा एक, राउटरचा एक. मग संगणक रीतसर बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि पिन काढा. घरी यूपीएस असेल तर इथे लक्ष द्या: भिंतीतली पिन काढली तरी यूपीएस बॅटरीवर २३० व्होल्ट देतच राहतो. तो त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा.

खुणा करायला कागदी टेपचा तुकडा वायरीवर दुमडून चिकटवा आणि बॉलपेनने लिहा. खूण पिनेच्या टोकाला हवी. मॉनिटरकडचं टोक मॉनिटरलाच लागलेलं असतं, ते ओळखायला चिठ्ठी कशाला? गोंधळ बोर्डापाशी होतो, तिथे सगळ्या पिना काळ्या आणि जुळ्या भावंडांसारख्या.

अडॅप्टरवर मात्र नक्की लिहा, व्हाइटनरच्या पेनने, ठळक. राउटरचा अडॅप्टर सहसा १२ व्होल्टचा असतो, लॅपटॉपचा आणि काही मॉनिटरचा १९ च्या आसपास. दोघांच्याही टोकाला तीच गोल पिन असू शकते आणि ती एकमेकांच्या भोकात सहज जाते. १९ व्होल्टचा अडॅप्टर १२ व्होल्टच्या राउटरला लावला तर तो राउटर कायमचा जाऊ शकतो. वायरी आवरण्याच्या नादात होणारं हे सगळ्यात महागडं नुकसान आहे.

सगळं सोडवल्यावर दोन-तीन वायरी अशा निघतील ज्यांचं दुसरं टोक कशातच नाही. जुन्या मॉनिटरची निळ्या टोकाची व्हीजीए, लँडलाइनवरून इंटरनेट यायचं तेव्हाची फोनची वायर, विकून टाकलेल्या प्रिंटरची यूएसबी. या आत्ताच बाहेर काढा. पुन्हा आत टाकल्यात तर तीच सुटी टोकं.

बोर्ड उचलणं

बोर्ड टेबलाच्या पाटाच्या खालच्या अंगाला, मागच्या कडेजवळ बसवा. बऱ्याच बोर्डांच्या पाठीला स्क्रूवर अडकवायची खाच असते. डबल साइड टेपवर भिस्त ठेवू नका. टेबलाचा वरचा भाग गुळगुळीत सनमायकाचा असला तरी खालून प्लाय उघडाच असतो. त्या भुसभुशीत पृष्ठभागावर टेप धरत नाही, आणि पावसाळी दमटपणात तर एखाद्या रात्री सगळं धाडकन खाली येतं. पाट पाऊण इंचाचा असेल तर स्क्रू अर्ध्या इंचाचा घ्या, म्हणजे वरून टोक बाहेर येणार नाही.

भाड्याचं घर, काचेचं टेबल किंवा लोखंडी सांगाडा असेल तर भोकं पाडायचा प्रश्न नाही. लोखंडी पायांच्या आडव्या पट्टीला बोर्ड दोन ठिकाणी बांधता येतो. नाहीतर टेबलाच्या कडेला शिकंजाने अडकणारी जाळीची ट्रे मिळते. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ किंवा लॅमिंग्टन रोड इथे हे सगळं सामान हाताळून घेता येतं. ऑनलाइन फोटोत ट्रे किती खोल आहे ते कळत नाही, आणि लॅपटॉपचा अडॅप्टर मावला नाही तर ती ट्रे फुकट. स्वयंपाकघरातली भाज्यांची प्लास्टिकची लांबट जाळीही मी या कामाला लागलेली पाहिली आहे. दिसायला बरी नाही, टेबलाखाली बघतंय कोण.

ट्रे हवीच, कारण अडॅप्टर जड असतात. उलट्या बसवलेल्या बोर्डाला थेट खोचलेला राउटरचा अडॅप्टर स्वतःच्या वजनाने हळूहळू सुटतो आणि मग अधूनमधून वाय-फाय जातं. लोक कंपनीला शिव्या देतात. बोर्डाची भोकं खाली न येता बाजूला तोंड करून राहतील असं बसवा, किंवा बोर्डच ट्रेमध्ये ठेवा. जाडा अडॅप्टर शेजारचं भोक खात असेल तर तो शेवटच्या भोकात.

वायरी आत लपवायचे झाकणवाले डबे मिळतात ते फोटोत छान दिसतात. मी ते सुचवत नाही. अडॅप्टर हवेनेच थंड होतात, आणि विदर्भातल्या मे महिन्यात तर खोलीची हवाच तापलेली असते. वर त्यांना बंद डब्यात कशाला कोंडायचं? झुरळांनाही ती उबदार जागा फार आवडते. उघडी जाळी बरी.

आता विजेचा हिशोब, कारण सगळं एका बोर्डावर येणार आहे. ६ अँपिअरच्या बोर्डाची मर्यादा २३० गुणिले ६, म्हणजे १,३८० वॅट. लॅपटॉपचे ६५, मॉनिटरचे तीसेक, राउटरचे दहा-बारा धरले तरी आपण शंभराच्या थोडेच पुढे जातो, तेव्हा काळजी नाही. लेझर प्रिंटर मात्र या बोर्डावर नको: कागदावर शाई भाजताना तो काही क्षण शेकड्यांनी वॅट ओढतो. त्याला भिंतीतली वेगळी जागा द्या, यूपीएसवर तर अजिबात लावू नका. इस्त्री आणि हीटरचं सांगायला नको. बोर्डाला दुसरा बोर्ड जोडायचा नाही. भोकं कमी पडत असतील तर जास्त भोकांचा एकच बोर्ड घ्या.

राउटर कुठे लावायचा याचा आधी विचार करा. तो टेबलाच्या बोर्डावर असेल तर रात्री भिंतीवरचं एक बटण बंद केल्याबरोबर घरभर ओरडा होतो. त्याला निराळं बटण असलेलं बरं.

हे जमलं की टेबलापासून भिंतीपर्यंत दोनच वायरी उरतात: बोर्डाची जाड वायर आणि इंटरनेटची. दोन्ही टेबलाच्या मागच्या पायाला बांधून खाली आणा. टेबल भिंतीपासून लांब असेल तर मधल्या अंतरासाठी केसिंग पट्टी, म्हणजे वायर आत झाकणारी प्लास्टिकची पट्टी. टेबलाखालून झाडू कुठेही न अडकता गेला पाहिजे; अडकला तर तिथे एक वायर अजून जमिनीवर आहे.

जास्तीची लांबी

टेबलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर. मॉनिटरपासून पाटाखालच्या बोर्डापर्यंत पाऊण मीटर वायर पुरते. मॉनिटरसोबत येते ती दीड मीटर किंवा थोडी जास्त. म्हणजे निम्मी वायर बिनकामाची, आणि ती कुठेतरी मावायला हवी.

कोपराभोवती गोल गुंडाळू नका. गोल गुंडाळीच्या प्रत्येक वेढ्यासोबत वायरीला एक पीळ बसतो. उलगडताना तो बाहेर येतो आणि वायर स्वतःच वळवळायला लागते. त्याऐवजी वितभर लांबीच्या घड्या घाला, एक इकडे एक तिकडे, आणि मध्यावर सैल बांधून ट्रेमध्ये ठेवा. दोन्हीकडे हातभर ढील राहू द्या, म्हणजे मॉनिटर वळवला तर टोकाला ओढ बसणार नाही. उंची बदलणारं टेबल असेल तर ते आधी पूर्ण वर न्या आणि मगच शेवटची गाठ बांधा.

लॅनची, म्हणजे राउटरपासून संगणकापर्यंत इंटरनेट नेणारी वायर मापाची करून घेणं सोपं आहे. संगणक दुरुस्तीवाला हवी तेवढी कॅट ६ प्रकारची वायर कापून दोन्ही टोकांना कनेक्टर दाबून देतो. पंधरा फुटांची गुंडाळी सांभाळण्यापेक्षा हे बरं.

कशाने बांधायचं

प्लास्टिकचे केबल टाय १९५८ मध्ये अमेरिकेत थॉमस अँड बेट्स कंपनीने विमानातल्या वायरींच्या जुडग्यांसाठी काढले. तिथे एकदा बांधलं की वर्षानुवर्षं उघडायचं नसतं. टेबलाखाली उलट आहे. एक मॉनिटर बदलला की पाच टाय कापायचे, कापताना कात्री वायरीला लागायची भीती, आणि मग कंटाळून नवी वायर तशीच वरून सोडून द्यायची. तुमचा गुंता परत येण्याचं तिसरं कारण बहुधा हेच. टाय फक्त बोर्ड आणि ट्रे टेबलाला बांधायला वापरा.

वायरींना वेल्क्रो. शिलाई साहित्याच्या दुकानात मीटरवर मिळतो त्यात काटेरी आणि मऊ पट्टी वेगवेगळी असते. त्या पाठीला पाठ लावून शिवाव्या लागतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एकाच पट्टीच्या दोन बाजूंना दोन्ही असलेला रोल मिळतो, तो घ्या आणि कात्रीने तुकडे करा. काहीच नसेल तर जुन्या पायजम्याची नाडी, सुरगाठ मारून. हसू नका, चालते. रबर बँड चालत नाही. आपल्या उन्हाळ्यात तो वितळल्यासारखा होऊन वायरीला चिकटतो आणि खरवडून काढावा लागतो.

ये-जा करणाऱ्या वायरी

इथे सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे टोक खाली पडूच न देणं. टेबलाच्या कडेला चिकटणाऱ्या छोट्या क्लिप मिळतात. फोनच्या चार्जरचं टोक त्यात अडकलेलं राहतं, ओढून वापरलं तरी परत तिथेच येतं. ही क्लिप सनमायकावर चांगली चिकटते, फक्त आधी जागा पुसून कोरडी करा. चार्जरचं दुसरं टोक बोर्डात कायमचं. वायर एकदाच ट्रेमधून वर आणायची, नंतर तिला खाली जायचं कामच नाही.

लॅपटॉप रोज ऑफिसला जात असेल तर दुसरा अडॅप्टर घ्या, एक टेबलाचा, एक बॅगेचा. टाइप-सीवर चार्ज होणाऱ्या लॅपटॉपना हे आता फार महाग पडत नाही, आणि रोज वाकून पिन शोधण्याचा व्याप संपतो. पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, कार्ड रीडर यांच्यासाठी यूएसबी हब पाटाच्या पुढच्या कडेखाली लावला की मागे हात घालावा लागत नाही.

आवरून झालं आणि काहीतरी बंद पडलं

हे हमखास होतं, आणि घाबरून पुन्हा सगळं उपटलं की सगळी मेहनत वाया. एकेक बघा.

मॉनिटरवर सिग्नल नाही. डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड असेल तर पाठीवर एचडीएमआयच्या दोन जागा असतात. वायर कार्डाच्या जागेत हवी, वर मदरबोर्डच्या जागेत नाही. टाइप-सीवरून चित्र येत असेल तर वायरींची अदलाबदल झालेली असू शकते. फोनसोबत आलेली टाइप-सी वायर बहुतेकदा चार्जिंग आणि यूएसबी २ च्या सेकंदाला ४८० मेगाबिट वेगापुरतीच असते, ती चित्र नेत नाही. दिसायला दोन्ही सारख्या.

वायरलेस माउस अडखळतो. त्याचा छोटा रिसीव्हर यूएसबी ३ च्या जागेशेजारी किंवा कॅबिनेटच्या मागे गेला असेल. यूएसबी ३ ची उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ लहरींचा गोंगाट करतात, हे इंटेलनेच २०१२ मध्ये मांडलं होतं, आणि माउस त्याच पट्ट्यात बोलतो. रिसीव्हर पुढच्या बाजूला किंवा हबवर आणा.

स्पीकरमधून हंऽऽ असा आवाज. ऑडिओची वायर पॉवरच्या वायरीसोबत एका जुडग्यात बांधली गेली आहे का बघा. वेगळी न्या, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

इंटरनेट चालू आहे पण मंद. सेटिंगमध्ये लॅनचा वेग १,००० मेगाबिटऐवजी (म्हणजे एका गिगाबिटऐवजी) १०० दाखवत असेल तर वायरीच्या आतल्या तारांची एखादी जोडी तुटली आहे किंवा कनेक्टर नीट बसलेला नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. म्हणून वायर अर्धी मेली तरी इंटरनेट चालत राहतं आणि दोष लक्षात येत नाही. फार घट्ट बांधल्याने आणि कडेवर दुमडल्याने असं होतं.

राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा लाल दिवा. हा सगळ्यात त्रासाचा. फायबरची ती बारीक वायर आतून काचेची असते. तिला टायने आवळायचं नाही, कोपऱ्यात घडी घालायची नाही, तिच्यावर टेबलाचा पाय येऊ द्यायचा नाही. वळण चहाच्या कपाच्या तोंडाएवढं ठेवा. दिवा लाल झाला असेल तर आधी सगळी वळणं मोकळी करा. बऱ्याचदा हिरवा परत येतो. नाही आला तर कंपनीचा माणूस बोलवावा लागतो, आणि तो येईपर्यंत मोबाइलचं हॉटस्पॉट.

वायरीवर कुठे जाडसर गोळा दिसला तर तो गाठ समजून कापू नका. तो फेराइट या चुंबकीय पदार्थाचा असतो, वायरीतला विद्युत गोंगाट अडवायला मुद्दाम बसवलेला.

उरलेल्या वायरी

बाहेर काढलेल्यांपैकी प्रत्येक प्रकारची एकेक चांगली ठेवा, बाकीच्या ई-कचऱ्यात. आवरण फाटलेली पॉवरची वायर टेप लावून ठेवून देऊ नका. ठेवायच्या वायरी एका डब्यात एकत्र टाकल्यात तर तिथेही दोन्ही टोकं सुटीच आहेत, म्हणून प्रत्येकीला वेगळा वेल्क्रो बांधा. लांब वायर गुंडाळायला साउंडवाल्यांची रीत बघा, गणपतीत मंडपाशी सहज दिसते: एक वेढा सरळ, पुढचा मनगट उलटं फिरवून. एकाचा पीळ दुसरा काढतो, आणि टोक धरून फेकली तर वायर सरळ उलगडत जाते. फक्त सुटं टोक वेढ्यांच्या मधून जाऊ देऊ नका, नाहीतर दर दोन वेढ्यांमागे एक गाठ बसते.